‘गठाण’च्या सीडीतली हाक

या पानावरचे अनुभव मी वाचते आणि सोडून देते. बहुतेकांत वारा असतो, नाहीतर ताप. आमच्या आजोबांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात अंगात येणं, नजर काढणं, उतारा टाकणं सगळं बंद. त्यात मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

माझा नवरा मिलिंद शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर होता. त्याला मशीनच्या आवाजांचं वेड. लोक गाणी ऐकतात, हा ट्रकचे ब्रेक, पत्र्यावर आपटणाऱ्या सळाखी, असलं काय काय रेकॉर्ड करत फिरायचा. त्याचे मित्र शेखरभाऊ. नंदनवनात आमच्या घराजवळच त्यांचा छोटा स्टुडिओ आहे — प्रचाराची गाणी, लग्नाचं शूटिंग वगैरे. दोघांनी ते आवाज कापून, जोडून, उलटे वाजवून एक अल्बम केला. नाव ‘गठाण’. कारण त्यातला शेवटचा, सगळ्यात लांब तुकडा सावनेरकडच्या एका जिनिंगमध्ये घेतला होता — कापूस दाबून गठाण करणाऱ्या प्रेसचा. धाड... धाड... धाड. मग गठाण बांधून होईपर्यंत प्रेस थांबते, तेवढी शांतता. मग पुन्हा धाड.

कॅसेट निघाली. थोड्या विकल्या, बाकीच्या त्याने वाटून टाकल्या. सासूबाई म्हणायच्या, “मिलिंद, याले गाणं म्हणतेत काय गा? यापेक्षा पिठाची चक्की बरी.” तो नुसता हसायचा.

त्यानंतर काही महिन्यांतच अमरावती रोडवर त्याच्या गाडीला ट्रकने... तो जागीच गेला. मला दिवस गेलेत हे माझं मलाच कळलं, ते पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर. म्हणजे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी झाली. नाव माझ्या नणंदेने ठेवलं — उत्पला. दोन्ही घरांत हे नाव कुणाचंच नव्हतं. मिलिंदच्या तोंडून तर मी कधीच ऐकलेलं नाही.

उत्पला शाळेत जायला लागली, तेव्हा शेखरभाऊंनी ‘गठाण’ सीडीवर काढायचं ठरवलं. इंटरनेटवर असल्या संगीताचे शौकीन कॅसेटबद्दल विचारत होते म्हणे. मी हो म्हटलं. त्यांनी आणून दिलेली सीडी मी रविवारी दुपारी मेथी निवडत लावली. शेवटच्या तुकड्यात प्रेस थांबली, आणि त्या शांततेत मिलिंदचा आवाज आला.

“उत्पला...”

मोठ्याने नाही. दारात चपला काढता काढता हाक मारतात, तशी. मग जरा वेळ काहीच नाही — ओ येते का बघत कुणी थांबावं तसं. मग धाड.

सासूबाई आतून बाहेर आल्या. “शालिनी, मिलिंद बोलला न वं आत्ता?”

“हो.”

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी उरलेली मेथी निवडली. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. दाढ काढताना डॉक्टर ओढतोय हे कळतं पण दुखत नाही... तसं काहीतरी.

माझा संशय सरळ शेखरभाऊंवर. स्टुडिओत गेले आणि विचारलं, “भाऊ, असं काहून केलं?”

त्यांना काहीच कळेना. मी सीडी लावायला सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. “वहिनी, पोराची शपथ, मी काही टाकलं नाही. थांबा, तुमच्या समोर करतो.”

त्यांनी मूळ टेप काढली आणि वाजवली. प्रेस थांबली त्या जागी टेपची खरखर, बस. त्याच वेळी ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होत होतं. मग ती फाईल लावली. शांतता आली, आणि... “उत्पला...”

“टेपात नाही अन् फाईलमध्ये आहे,” ते म्हणाले. “हे कसं होऊन राहिलं, वहिनी?”

आवाजाची नक्कल करून देणारी अ‍ॅप तेव्हा आली नव्हती. आणि असती तरी, माझ्या डोळ्यांदेखत कुणी काय केलं?

सीडी तोवर बऱ्याच जणांकडे गेली होती. ऐकणाऱ्यांना ती हाक अल्बममधलीच वाटली. उत्पलाला मात्र आम्ही ती कधी ऐकू दिली नाही.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका छोट्या कंपनीने ‘गठाण’ची एलपी काढायची परवानगी मागितली. उत्पला आता कॉलेजात आहे. जगाने ऐकायचं आणि तिने नाही, हे मला बरोबर वाटेना. मी तिला सगळं सांगितलं.

“लाव,” ती म्हणाली.

दोघी दिवाणावर बसून ऐकलं. प्रेस थांबली.

“उत्पला...”

“ओ,” ती म्हणाली.

इतकंच. आतल्या खोलीतून देतो तशी. मग धाड धाड सुरू झालं. ती उठून पाणी प्यायली. “आई, एवढा बारीक आवाज होता बाबांचा?”

“हो, बारीकच होता.”

दुसऱ्या दिवशी शेखरभाऊंनी सीडीच्या वेळची तीच फाईल कंपनीला पाठवली. पुढे एलपीची नमुना प्रत आली, ती आम्ही तिघांनी त्यांच्या स्टुडिओत ऐकली. प्रेस थांबली, खरखर झाली, प्रेस सुरू झाली. मध्ये काही नाही. कंपनीने कळवलं, आम्ही काहीच कापलेलं नाही. शेखरभाऊंनी स्वतःजवळची फाईल उघडली. त्यातही नुसती खरखर. सीडीत मात्र ती हाक अजून आहे, कुणाकडे असेल तर ऐकून बघा.

टेपवर जुनं काही राहिलं असेल, असं एका ओळखीच्या इंजिनियरने सांगितलं. मी मान हलवली. मग ते नाव कुठून आलं, हे त्याला विचारलं नाही. त्याचं उत्तर आता मी शोधतही नाही.

शोधलं ते दुसरंच. उत्पला कॉलेजला गेली की मी हेडफोन लावून कॅसेट, सीडी, एलपी — तिन्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या. प्रेस थांबली की कान देऊन. तो मला शालू म्हणायचा.

कुठेच नाही.