सायकलीमुळे नाही

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. आईपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं तिच्यापाशी तर नाहीच नाही. तसा मी बोलघेवडा — पुण्याचा माणूस, गप्प बसणं आमच्या स्वभावात नाही. पण या एका गोष्टीपाशी आलो की तोंडाला कुलूप लागतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. निदान तसा प्रयत्न करतोय.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपाला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. भूकंप झाल्या झाल्या आमची अर्धी टीम सामान आवरून भारतात परतली, मी राहिलो. राहिलो म्हणून वर चढलो — कावासाकीच्या क्लायंटशी जपानीत बोलू शकणारा एकच भारतीय उरला होता, अस्मादिक! घर टोकियोत, फुनाबोरीला, दोन खोल्यांचं. आणि मुग्धाला, माझ्या बायकोला, दिवस गेलेले.

मुग्धाला जपानी येत नव्हती. ‘आरिगातो’ आणि ‘पिशवी नको’, एवढ्यावर तिचा सगळा कारभार. त्यामुळे दर तपासणीला मी सोबत. इथे आतून तपासताना बाईच्या कमरेवर पडदा ओढतात. पलीकडे डॉक्टर, अलीकडे ती. मी तिच्या उशाशी उभा राहायचो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा तिला दिसायचा नाही, नुसता शांत आवाज ऐकू यायचा, आणि मग ती माझ्याकडे बघायची. काय म्हणाल्या रे? मी सांगायचो. बाळ आता पेरूएवढं झालंय. हाताची बोटं सुटी झालीत. अंगठा चोखतंय बघ! ती खुदकन हसायची. तिला पोटातल्या बाळाचं जे काही कळत होतं ते माझ्या तोंडून — दुसरी वाटच नव्हती. हे लक्षात ठेवा. मी ते विसरलो होतो असं म्हणायची मला सोय नाही.

एकविसाव्या आठवड्यातला बुधवार. त्या दिवशी पडद्यापलीकडचा आवाज जरा जास्त वेळ थांबला. मग आम्हाला टेबलासमोर बसवून डॉक्टर बोलल्या, मला भाषांतर करता यावं म्हणून मधे मधे थांबत. गर्भाशयाचं तोंड आखूड झालंय. बाळ लवकर खाली येण्याचा धोका आहे. आजच ॲडमिट करा, पूर्ण झोपून राहावं लागेल, टाका घालायचा का ते बघू.

सोमवारी आमची सिस्टीम लाइव्ह जाणार होती. आठ महिन्यांचं काम, आणि ते पार पडलं तर मी मॅनेजर. मुग्धाला ॲडमिट केलं तर तिच्यासाठी बोलणार कोण? मीच. रोज. माझ्या डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो — पाचच दिवस. फक्त पाच दिवस, मंगळवारी आणू की हिला. ती घाबरेल असंही मनात आलं, पण ते नंतर आलं. आधी सोमवार आला.

मी मुग्धाकडे वळलो आणि म्हणालो, “सगळं ठीक आहे. जरा आराम कर म्हणतायत, मंगळवारी परत बोलावलंय.”

आणि डॉक्टरांना जपानीत म्हणालो, घरी विचार करून मंगळवारी येतो. त्यांनी दोनदा विचारलं, पत्नीला नीट समजलंय ना? हो, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग बोशी तेचोत काहीतरी लिहिलं. ही वही इथे प्रत्येक गरोदर बाईला वॉर्ड ऑफिसात मिळते. प्रत्येक तपासणीचं वजन, रक्तदाब, डॉक्टरांची टीप, सगळं तिच्यात. मुग्धाने ती पर्समध्ये ठेवली. तिला काय वाचता येणार होतं त्यातलं?

शनिवारी मी ऑफिसात होतो. दुपारी तिचा फोन — कढीपत्ता आणि पोहे संपलेत, सायकलने निशिकासाईच्या भारतीय दुकानात जाऊन येते. तेव्हा तरी सांगायचं होतं ना! समोर क्लायंट उभा होता. मी म्हणालो, “हळू जा.”

रविवारी दुपारी गेलं. मुलगी होती.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. मलाही कितीतरी वर्षं वाटायचं की माझं पाप एवढंच. पण नाही हो. पुढचं खरं अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टर वॉर्डात आल्या. मुग्धा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली, माझा शर्ट धरला आणि म्हणाली, “त्यांना विचार ना. मी सायकल चालवली म्हणून झालं का?”

मी विचारलं. अगदी तिच्याच शब्दांत विचारलं, एवढा प्रामाणिकपणा केला. डॉक्टर तिच्या जवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, “सायकलीमुळे नाही. तिचा काहीही दोष नाही. हे तिला शब्दन्‌शब्द सांगा.”

मुग्धा माझ्या तोंडाकडे बघत होती. काय म्हणाल्या रे?

ते सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न काय असणार होता? मग कशामुळे? आणि त्याचं उत्तर त्याच खोलीत, हातभर अंतरावर उभं होतं.

मी म्हणालो, “नक्की सांगता येत नाही म्हणतायत.”

बस. एवढंच वाक्य. वेळ मारून नेली. तिने मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. डॉक्टरांना वाटलं, निरोप पोचला.

मुग्धा त्यानंतर सायकलवर बसलेली नाही. टोकियोत! इथे आज्या सायकलवरून भाजी आणतात, आया पुढे-मागे पोरं बसवून सायकल हाकतात, आणि ही भर पावसात ईराचं बोट धरून शाळेपर्यंत चालत जायची. ईरा आमची नंतर झालेली मुलगी. माझी आई फोनवर म्हणाली होती, “अगं, पोटुशी बाईने सायकल मारायची असते का?” फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून चहा पीत होतो. मुग्धा म्हणाली, “चुकलं आई.” माझ्या बायकोने माझ्या आईची माफी मागितली, आणि मी कप खाली ठेवला नाही. मी तिला फोनवर ‘हळू जा’ म्हणालो होतो, त्याचा तिने आजतागायत एका शब्दाने उल्लेख केलेला नाही.

मॅनेजर? झालो की. त्याच वर्षी.

ती वही मात्र घरात आहे. एका नर्सने शेवटच्या पानावर बाळाच्या पावलांचे ठसे घेऊन दिले होते — माझ्या अंगठ्याएवढी पावलं. मुग्धा वर्षातून एकदा ती काढते, ठशांवर बोट फिरवते आणि साड्यांच्या खाली ठेवून देते. आधीची पानं ती उलटत नाही. वही फाडून टाकायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण पावलं त्याच वहीत आहेत.

ईरा यंदा दहा वर्षांची झाली. इथल्या शाळांत या वयात मुलांना आपल्या जन्माची माहिती वर्गात सांगायला लावतात. वजन किती होतं, उंची किती. गेल्या रविवारी मुग्धा स्टेशनजवळ सामान आणायला गेली होती. ईराने कपाट उपसलं आणि स्वतःच्या वेळची नि ती जुनी, अशा दोन वह्या घेऊन माझ्यासमोर आली. ताईची पावलं तिला माहीत आहेत. पण ही पोरगी मराठीपेक्षा जपानी भरभर वाचते.

“बाबा, इथे लिहिलंय ॲडमिट व्हायला सांगितलं, नवऱ्याने नको म्हटलं. तू का नको म्हणालास?”

बारा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो, फक्त तो मुग्धाच्या तोंडून येईल असं धरून चाललो होतो. आणि मी काय केलं असेल? वही मिटली. म्हणालो, “जुनं आहे ते, बाळा. आईला नको विचारूस, तिला त्रास होतो.”

ईराने वही साड्यांखाली परत ठेवली, अगदी होती तशी.

तेवढ्यात दार वाजलं. मुग्धा आत आली, दोन्ही हातांत जड पिशव्या, चालून चालून घामाघूम. आमच्याकडे बघून म्हणाली, “काय चाललंय दोघांचं?”

ईराने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“काही नाही,” ती म्हणाली. आणि आईच्या हातातली पिशवी घ्यायला गेली.