हवालदार शेलारचं बक्षीस

सव्वीस वर्षं नोकरी करून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. घरी तीन महिने बसलो, तेवढ्यात बायको कंटाळली आणि तिने मला पुन्हा पोस्टिंगवर पाठवलं. या वेळी बहरीनला. सलमाबादला अबू यूसुफ यांचं फोर-बाय-फोर गाड्यांचं गॅरेज आहे. तिथे मी सुपरवायझर. हाताखाली चार माणसं, दोन लिफ्ट, एक हायड्रॉलिक प्रेस. सकाळी सातला मी हजेरी घेतो. मालकांना सुरुवातीला त्याचं हसू यायचं. आता ते स्वतः पाच मिनिटं उशिरा आले तर मला कारण सांगतात.

शुक्रवारी गॅरेज बंद असतं. त्या शुक्रवारी मी परवानगी काढून ते उघडलं, कारण गाडी स्वातीची होती.

स्वाती म्हणजे हवालदार तुकाराम शेलारची मुलगी. शेलार आणि मी सैन्याच्या एकाच फील्ड वर्कशॉपमध्ये होतो, सहा वर्षं शेजारशेजारच्या खाटांवर. डोंगरात अडकलेला ट्रक काढायला रिकव्हरी पार्टी गेली, वरून दरड आली आणि शेलार परत आला नाही. स्वाती तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती मनामातल्या एका कंपनीत अकाउंटंट आहे. इथे आल्यावर सहा महिन्यांत तिने जुनी फोर-बाय-फोर घेतली, मोठे टायर बसवले आणि मग मला फोन केला.

"काका, मागचे एक्सल टिकतील का?"

"नाही."

"मग?"

"शाफ्ट बदलू. बेअरिंगही."

या गाडीत मागच्या एक्सलचा शाफ्ट चाक फिरवतो आणि वर गाडीचं वजनही तोलतो. टायर मोठे झाले की बारीक शाफ्टचं काही खरं नसतं. जाड, जास्त ताकदीच्या पोलादाचे शाफ्ट मागवले, सोबत नवी बेअरिंग. प्लॅन सरळ होता. साडेसातला काम सुरू, दोनला रोड टेस्ट. साडेतीनला स्वातीचा मराठी ग्रुप साखीरच्या वाळवंटाकडे निघणार होता आणि ती पहिल्यांदाच स्वतः स्टिअरिंगवर बसणार होती.

डावी बाजू मी एकट्याने नऊपर्यंत संपवली. साडेनऊला स्वाती आली. जुना शर्ट, केस बांधलेले, डब्यात थालीपीठं. म्हणाली, "उजवी बाजू मी तुमच्याबरोबर करणार. बाबा करायचे तशी."

ऐकून ऊर भरून आला. घोळ तिथेच झाला.

नव्या शाफ्टवर तीन वस्तू चढतात. आधी रिटेनर प्लेट, म्हणजे चौकोनी पोलादी पत्ती, मध्ये मोठं भोक आणि कोपऱ्यांत चार छोटी. मग बेअरिंग. शेवटी लॉक कॉलर, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारं घट्ट कडं. कॉलर प्रेसने दाबून बसवली की कापल्याशिवाय निघत नाही. म्हणजे क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. आमच्या वर्कशॉपमध्ये यासाठी पक्की पद्धत होती. एकाने पार्टचं नाव पुकारायचं, दुसऱ्याने हात लावून हिंदीत "चढा", म्हणजे चढलं, म्हणायचं. तोवर प्रेसच्या दांड्याला कोणी शिवायचं नाही.

त्या दिवशी मी काही पुकारलं नाही. मी शेलारच्या गोष्टी सांगण्यात रंगलो होतो. कसा नीटनेटका, कसा शिस्तीचा, सहा वर्षांत एक पार्ट इकडचा तिकडे झाला नाही. सांगता सांगता बेअरिंग दाबलं. कॉलर दाबली. शाफ्ट उचलून उजेडात धरला आणि म्हणालो, "बघ, याला म्हणतात काम."

स्वातीने बेंचवरून काहीतरी उचललं. "काका, हे राहिलं वाटतं."

तिच्या हातात रिटेनर प्लेट होती.

ती पत्ती उलटसुलट करून बघत होती.

"काका, हे बाबांच्या फोटोत आहे. गळ्यात. त्यांचं बक्षीस."

शेलारची ट्रंक त्याच्या गावी मीच पोचवली होती. वहिनींनी ती सगळ्यांसमोर उघडली. वर एक फोटो होता, शेलार अटेन्शनमध्ये उभा आणि गळ्यात दोरीने बांधलेली ही चौकोनी पत्ती. त्याच्या वडिलांनी विचारलं, "हे काय म्हणायचं?" खोली माणसांनी भरलेली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बक्षीस आहे. बेस्ट मेकॅनिकचं." पुढे तो फोटो मोठा करून घेतला गेला. ग्रामपंचायतीत लागला. पंधरा ऑगस्टला त्याला हार घालतात. एका वर्षी प्रमुख पाहुणा मीच होतो. हार मीच घातला.

स्वाती त्या फोटोखाली लहानाची मोठी झाली होती. वडील म्हणून तिच्याकडे तेवढाच एक माणूस होता. खरं सांगून मी तिच्याकडून तो काढून घेणार, अशी मला भीती वाटली. पण हातात बिनप्लेटचा शाफ्ट धरून आणखी खोटं बोलायला तोंड कुठून आणायचं?

"ते बक्षीस नाही," मी म्हणालो. "शिक्षा होती. तुझ्या बाबाने हेच केलं होतं. प्लेट न घालता बेअरिंग दाबलं. हवालदार मेजर साहेबांनी ती प्लेट आठवडाभर त्याच्या गळ्यात घालायला लावली. हजेरीलाही आणि जेवतानाही."

तिने पत्ती बेंचवर ठेवली.

"म्हणजे बाबा चुकायचे?"

"महिन्यातून एकदा तरी. वर मलाच दमात घ्यायचा."

ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. "काका, मी सी.ए.ला दोनदा नापास झाले ना, तेव्हा आजोबा त्या फोटोकडे बोट दाखवायचे. म्हणायचे, बाप बघ तुझा. इतकी वर्षं मी या माणसाला घाबरून होते."

मग म्हणाली, "अजून सांगा. फक्त चुका."

कॉलर ग्राइंडरने कापता कापता मी सांगत गेलो. साहेबांच्या चहात मीठ टाकलं ते. सुट्टीवर जाताना माझे बूट घालून गेला आणि स्वतःचे एक नंबर लहान बूट मला ठेवून गेला ते. इतकं हसून ग्राइंडर चालवू नये. मी दोनदा थांबलो.

कॉलर जादा मागवली होती, ती सवय कामी आली. बेअरिंग मात्र खलास. एकदा ओढून काढलेलं बेअरिंग मी परत वापरत नाही. मालकांना फोन केला. अबू यूसुफ नमाज आटोपून स्वतः आले, स्टोअर उघडलं, बेअरिंग हातात ठेवलं आणि विचारलं, "सुभेदार, यह गलती किसने किया?"

"मैंने."

त्यांनी मान डोलावली. "अच्छा. आज मेरे को बहुत खुशी हुआ."

या वेळी स्वातीने पुकारलं.

"रिटेनर?"

"चढा."

"बेअरिंग?"

"चढा."

"कॉलर?"

"चढा."

दोन चाळीसला रोड टेस्ट झाली. साडेतीनला आम्ही ताफ्यात होतो, शेवटून दुसरे. प्रत्येक गाडीत वॉकी-टॉकी होता, पण सगळे एकदम बोलत होते आणि कोणीही "ओव्हर" म्हणत नव्हतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. पहिल्या दगडी चढावर मी मागच्या सीटवर उजव्या चाकाच्या बाजूला बसून कान लावला. आवाज नाही. स्वातीने चढ एका दमात काढला आणि वर जाऊन हॉर्न वाजवत राहिली.

पाचला चहासाठी थांबलो. तिने वहिनींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

मी उभा राहिलो. रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं.

"भाऊजी, मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "ते गेले त्याच्या आठ दिवस आधी पत्र आलं होतं. सगळं लिहिलं होतं त्यांनी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमचा चेहरा बघवत नव्हता. एवढं जीव तोडून सांगत होतात. म्हटलं, राहू दे."

स्वातीने फोन घेतला. "आई, पत्र आहे अजून?"

होतं. वहिनी आत जाऊन ते घेऊन आल्या, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. "चूक माझीच होती. आठ दिवस गळ्यात प्लेट घालून फिरायचं आहे. पण लंगरमध्ये वाढणारा हसतो आणि एक पोळी जास्त वाढतो. माझी तब्येत उत्तम. स्वातीला सांग, तुझ्या बापाला पदक मिळालंय."