जर, तर आणि सगळ्यांचा ऊस

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज तेच डोकं आणि तीच भिंत! चार वर्षांनी सहज मागं वळून बघितलं, तर ढीग झालेला.

आमचं ऑफिस सावेडीत, एका मेडिकलच्या वर. माणसं दोन. वैभव प्रोग्राम लिहितो. मी एम.ए. मराठी, शेतकऱ्यांची वाक्यं फोडून 'जर-तर', 'प्रत्येक', 'किमान एक' अशा तर्काच्या साच्यात बसवून त्याला देते. शेतकऱ्यानं फोनवर बोलायचं, मशीननं अर्थ लावायचा आणि कुणाचा ऊस आधी तोडायचा त्याची यादी काढायची. साखर कारखान्यानं मशीन घेतलं तर आम्ही राहणार. नाही तर ऑफिस बंद आणि मी पुण्याला. आईचं एका बाजूचं अंग लुळं पडलंय. तिला सोडून जाणार कशी?

*

बेलापूरचे शेतकरी नाना आमचे पहिले परीक्षक. वैभव त्यांना समजावत होता, "'जर ऊस तयार असेल, तर तोडणी येईल.' नाना, ऊस तयारच नसेल, तर तर्कशास्त्रात हे वाक्य खरं मानतात."

"तोडनी न्हाई आली तरी?"

"तरी!"

नाना टोपी नीट करत म्हणाले, "मंग मशीन कशाला? आमचे पुढारी बी असंच खरं बोलत्यात की!"

वैभवनं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी पुढं काम झालंच नाही.

*

मग वैभवची श्रीगोंद्याची भागूआत्या. मशीननं विचारलं, "शेत कोणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"हे म्हणजे कोण?"

"आमचं मालक!"

असं पाच वेळा झालं. जन्मात नवऱ्याचं नाव सरळ न घेतलेली बाई मशीनपुढं काय घेणार? शेवटी तिनं लाजत उखाणाच घेतला, "उसाच्या फडाला पाटाचं पानी, रंगनाथरावांचं नाव घेते, मी त्यांची रानी!"

मशीननं नोंद केली. पाणी: पाटाचं. शेताची मालकीण: रानी.

वैभव खोडायला गेला, तर आत्यानं हात धरला. "ऱ्हाऊ दे की. चाळीस वर्सं म्याच राबतीया."

*

कारखान्याच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांना तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. काहीही मागा, उत्तर एकच, "उद्या बघू." आम्ही तेही वाक्य मशीनला शिकवलं. मग मशीन रोज सकाळी नानांना मेसेज पाठवायला लागलं: 'आपलं काम उद्या बघितलं जाईल.'

दहा-बारा दिवसांनी नानांचा फोन, "पोरी, मशीन तयार झालं बरं का! आता त्याला हापिसात चिकटवून टाक!"

मला हसू आलं नाही. चार वर्षांत मिळालेली तेवढीच एक शाबासकी होती.

*

शेवटी डेमोचा दिवस उजाडला. कारखान्याचं सभागृह भरलेलं, नाना पहिल्या रांगेत. सकाळी आईनं चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला होता. चेअरमन साहेब माईक हातात घेऊन मशीनशीच बोलले, "ज्याच्या उसाची लागन आधी, त्याची तोड आधी. सगळ्यांना नियम एकच. मग तो कुनी का आसंना!"

टाळ्या पडल्या. एवढं स्वच्छ वाक्य मला चार वर्षांत मिळालं नव्हतं. 'प्रत्येक शेतकऱ्यासाठी...' मशीनला क्षणभरही अडखळावं लागलं नाही. पडद्यावर यादी आली.

साहेबांनी चष्मा लावला. "आमचं नाव कुठंय?"

"खाली आहे, साहेब," वैभव म्हणाला.

"कुठं खाली?"

"अजून खाली."

यादी सरकत राहिली. साहेबांचं नाव आलं, त्यांच्या भावाचं आलं, आणि यादी संपली.

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. माझ्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, "ताई, मेहनत लई घेतली तुमी. पन मशीनला आजून मराठी कळत न्हाई."