आंदणाची कालवड

लेकीच्या लग्नात आंदण म्हणून कालवड द्यायची आमच्या घरात रीत आहे. नव्या घरात दुधाची गाय पोरीच्या माहेरची असली, की तिच्या शब्दालाही थोडं वजन येतं. आमच्या गाईला जुळं झालं होतं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. जुळ्यातली कालवड शुभ, असं गावातल्या बायका म्हणाल्या. मला ती अंगाने भरलेली दिसली, तेवढं पुरे होतं. चामोर्शीहून टेम्पोत घालून मूल गावाजवळ लेकीच्या सासरी पोचवली.

पुढे वय झालं तरी कालवड माजावर येईना. इकडे लेकीलाही दिवस जाईनात. विहीणबाईंनी दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या. लेक फोनवर सांगायची, "आई, सासू चारा टाकतानी म्हंते, दोघीही नुसत्या खाऊन राह्यल्या."

शेवटी मी गुरांच्या डॉक्टरांना घेऊन तिच्या सासरी गेले. दोष कालवडीत निघाला तर पोरीवरचं बोलणं थांबेल, असा माझा हिशेब. डॉक्टरांनी हातमोजा घालून तपासलं आणि विचारलं, "जुळ्यातली का? सोबत गोऱ्हा होता?"

"हो."

"मग ही गाभण राहणार नाही. गाईच्या पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात. गोऱ्ह्याचं नरपण घडवणारी द्रव्यं हिच्या रक्तात आली, म्हणून हिचं गर्भाशय नीट घडलंच नाही. भावाच्या पेशी हिच्या रक्तात आजही सापडतील."

"म्हंजे इनबाई, तुमी वांझच धाडली!" विहीणबाई म्हणाल्या. कुंपणापलीकडच्या शेजारणी हसल्या. मग लेकीकडे हात करून विहीणबाईंनी विचारलं, "अन् हे? हे एकटीच झाली होती, का हिच्याबी सोबत भाऊ होता पोटात?"

"एकटीच!" मी लगेच म्हणाले. "दवाखान्यात झाली, चांगली वजनदार. पाळीबी महिन्याच्या महिन्याले येते तिले."

जावई तिथेच उभे होते. डॉक्टर हातमोजा काढता काढता म्हणाले, "बाई, माणसांच्या जुळ्यांत असं होत नाही." मी ते आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. किंवा सुनेला असलं विचारू नका, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी मात्र गुरांच्या बाजारात उभी असल्यासारखी पोरीची हमी देत होते.

कालवडीचं दावं धरून लेक सगळं ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "माहे दातही दाखवून दे त्याईले."

मी टेम्पो बोलावून कालवड चढवली आणि घरी आणली. आता ती शेणापुरती आहे, राहू दे.

लेकीचा फोन येतो. कालवड चारा खाते का, विचारते. सासू काय बोलते, ते आता सांगत नाही. आणि विचारायला मी तोंड ठेवलेलं नाही.