सोमवारची लिफ्ट

चारकोपच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला म्हातारा लिफ्टमन दर सोमवारी सकाळी लिफ्ट तळमजल्यालाच अडवून ठेवायचा. वर जाताना कॉल तुटतो म्हणे. मालवणकडच्या त्याच्या गावी देवळात सगळ्यांसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचे आणि मुंबईभर पांगलेले गावकरी व्हिडिओ कॉलवर हजर व्हायचे. हा चपला काढून, हात जोडून प्रत्येक वाक्याला मोठ्याने साथ द्यायचा, "व्हय महाराजा!"

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुमचा माइक बंद आहे. तिकडे कोणाला ऐकू जात नाहीये."

"म्हायत हा," तो म्हणाला. "हयली मशिनांची घरघर देवळात कित्याक?" मग त्याने स्क्रीनवरच्या आपल्या चेहऱ्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. "गावातला घर पडला. आता गावात माझो ह्यो चौकोन तेवढो रवलो."

तेव्हापासून सोमवारी मी जिन्याने जातो.