बुधवारचे मासे

इजिप्तमधल्या मिन्या शहरात, आमच्या चर्चमध्ये मुलींचा वर्ग घेणाऱ्या बाईला सगळे तासोनी म्हणतात, म्हणजे ताई. मारसेल माझ्याच वयाची, पण मीसुद्धा तिला तासोनीच म्हणते. ती सकाळी शाळेत शिवण शिकवते आणि उरलेला सगळा जीव या मुलींवर ओवाळून टाकते. लग्न केलं नाही. बोलणं चुरचुरीत. दहावी-अकरावीच्या मुली, ज्या आईसमोर तोंड उघडत नाहीत, त्या हिच्या विनोदांवर खो-खो हसत वर्गाला येतात. माझी मरियमही त्यातलीच.

त्या उन्हाळ्यात, प्रेषितांच्या उपासात, नदीपलीकडच्या मठात सहल निघाली. या उपासात मांस, दूध, अंडी बंद. मासे चालतात, फक्त बुधवारी आणि शुक्रवारी नाहीत. सहल ठरली होती गुरुवारची. बस मिळेना, म्हणून आमचे धर्मगुरू अबूना शारोबिम यांनी ती बुधवारवर घेतली. दिवस बदलला, जेवण बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारी मठाच्या अंगणात तळलेल्या बुल्टी माशांची ताटं उघडली, मुली तुटून पडल्या, आणि संध्याकाळपर्यंत फोटो गावभर.

शुक्रवारी प्रार्थना संपली. अंगणात फूल, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ, आणि रोटी यांच्या ताटल्या फिरत होत्या. मारसेल दिसताच कुणीतरी म्हणालंच, "तासोनी, आज काय आहे? कबाब?" हसणारे हसले. मारसेलही हसली, पण हातातली रोटी तिनं तशीच खाली ठेवली. तिला माहीत होतं, वर वर्गाच्या खोलीत तांत फौकिया बसल्या आहेत, चर्चमधल्या सगळ्यांच्या म्हाताऱ्या मावशी. त्यांनी अबूनांना स्वच्छ सांगितलं होतं, या बाईकडून वर्ग काढून घ्या, नाहीतर आमच्या घरातलं कुणी या चर्चची पायरी चढणार नाही.

वर्गाच्या खोलीत आम्ही आया भिंतीला टेकून बसलो. अबूना मधे. जिन्यात मी मारसेलचा दंड धरून म्हटलं होतं, "सरळ सांग ना, दिवस अबूनांनी बदलला म्हणून." तिनं हात सोडवून घेतला. "त्यांनी दिवस बदलला गं. ताटं मी मागवली."

तांत फौकियांनी सुरुवातच वरच्या पट्टीत केली. "आमच्या वेळी पाण्याचा घोट घेताना वार आठवायचो. इथं शिकवणारीलाच वार कळत नाही! काय शिकवणार ही पोरींना?"

"बरोबर आहे, तांत," मारसेल म्हणाली. "चूक माझी. वार बघायला हवा होता."

"आणि बसमध्ये नाच चालला होता म्हणे!"

आता मारसेलचा आवाज घट्ट झाला. "ते नाही. मुली टाळ्या वाजवून भजनं म्हणत होत्या. मला काय म्हणायचं ते म्हणा, तांत. मुलींच्या नावाला हे लावू नका. उद्या त्यांची लग्नं व्हायची आहेत."

दोन आया एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, संपलं, आता म्हातारी उठून चालती होणार. तांत उठल्या नाहीत. हातातला रुमाल मुठीत चुरगाळत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मासे गेले खड्ड्यात. माझ्या नातीनं, वेरेनानं, तुला विचारलं होतं की नाही, तासोनी, आज बुधवार ना म्हणून? विचारलं होतं की नाही?"

मारसेलचा चेहरा उतरला.

"तू काय म्हणालीस? सांग सगळ्यांना."

मारसेलनं ओठ ओले केले. "म्हणाले, आली बघा आमची बिशप. खा गं, आज देव काटे मोजत बसलेला नाही."

"आणि?"

"सगळ्या हसल्या. मीही हसले."

"पोरीनं लाजेनं खाल्लं. घरी येऊन ओकली. बाप गेल्यापासून जे थोडं धरून राहिलीये ना ती, ते म्हणजे हा उपास. दोन दिवस झाले, कुणाशी बोलत नाही."

मारसेलनं स्वतःची बाजू मांडायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. गडबड होती, ताटं कमी पडत होती, मनात काही नव्हतं. हे सगळं खरंच होतं. तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "तांत, आणखी काही आहे? असेल तर आत्ताच सांगा."

"एवढं पुरे नाही का?"

अबूनांनी दाढीवरून हात फिरवला. "दिवस मी बदलला, तेही लिहून ठेवा," ते म्हणाले. "वर्गाचं नंतर बघू. मारसेल, आधी त्या मुलीकडे जा."

त्याच दुपारी आम्ही गेलो. एकटी जायला ती धजत नव्हती. वेरेना आतल्या खोलीत होती, दार लावलेलं. तांत बाहेरूनच ओरडल्या, "तासोनी आलीये!" आतून काही नाही. मारसेल दारापाशी उभी राहिली. काहीतरी गमतीचं बोलून दार उघडायला लावणं तिला सहज जमलं असतं. इतक्या मुलींना तिनं तसंच रडताना हसवलं होतं. तिनं तसं केलं नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डोळे सुजलेली मुलगी म्हणाली, "तुम्ही हसलात."

"हो. तू बरोबर होतीस, आणि मी हसले."

आणि मारसेल गुडघ्यांवर खाली गेली, कपाळ फरशीला टेकवलं. वडीलधाऱ्यांपुढे, नाहीतर उपासाच्या आदल्या दिवशी एकमेकांपुढे आम्ही करतो, तशी मतानिया. "चुकले. मला क्षमा कर."

एवढ्याशा मुलीपुढे असं कुणी केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वेरेना घाबरून मागं सरली, "उठा ना, तासोनी, असं काय करता!" म्हणत तिला ओढू लागली. मारसेल उठली, पण मुलीला जवळ घ्यायला पुढं झाली नाही. उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

"मी येईन," वेरेना शेवटी म्हणाली. "पण पुढच्या शुक्रवारी नाही. त्याच्या पुढच्या."

"ये. तुला वाटेल तेव्हा."

"आणि मुली हसल्या तर?"

"तर मी हसणार नाही."

दोन आयांनी आपल्या मुली दुसऱ्या वर्गात घातल्या, त्या परत आल्या नाहीत. तांत फौकिया मात्र त्या दुपारी आम्ही निघालो तशा दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अबूनांना मी सांगते काय ते," त्या म्हणाल्या. "आता बस. चहा टाकते. दूध मागू नकोस, उपास आहे."