पाती गोठलेला फोटो

देवाला काही मागायचं नाही, असं मी नऊ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. भांडूनच ठरवलं होतं म्हणा ना. यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा मी गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्या कोकणात देवाशी बोलायची ती रीत आहे. माणसाचं नाव घ्यायचं, अडचण काय ती उघड सांगायची आणि सोबतच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी आजाराच्या नावासकट सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही, तरी हे गेलेच. त्यानंतर मी दिवा लावत राहिले, कारण सासूबाईंना तसा शब्द दिला होता, पण देवाशी बोलणं बंद. तू तुझ्या जागी बरा, मी माझ्या जागी बरी, असं एकदा तोंडावर सांगून टाकलं आणि मोकळी झाले.

रिकामपण खायला उठायचं म्हणून कॅमेरा घेतला. आम्ही पार्ल्याला राहतो, जुहूहून उडालेली हेलिकॉप्टरं आमच्या गच्चीवरून जातात. इतर बायका गच्चीत पापड वाळत घालतात, मी हेलिकॉप्टर टिपते. लोक हसले, हसू देत. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारं, आजाऱ्याला आणणारं, तटरक्षकांचं, आवाजावरून कोणतं येतंय ते मी आता डोळे मिटून सांगते. या फोटोंत एक गोम असते. शटर फार वेगात ठेवलं तर पंख्याची पाती जागच्या जागी गोठलेली दिसतात आणि हेलिकॉप्टर खेळण्यांच्या दुकानात दोरीला टांगल्यासारखं वाटतं. म्हणून शटर हळू ठेवायचं आणि त्याच्या उडण्याबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. मग पंखा गरगर फिरताना दिसतो, हेलिकॉप्टर स्वच्छ येतं आणि मागचं सगळं पुसल्यासारखं होतं. दहांत एखादा साधतो. मला दहांत चार साधतात, हे सांगायला मी लाजत नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी साडेसात-आठलाच एक हेलिकॉप्टर अगदी खालून समुद्राकडे गेलं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. आवाज ओळखीचा होता, शोधकार्याचं होतं. इथे मला एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. मला आनंद झाला. हेलिकॉप्टरमधून दोरी सोडून माणूस उचलतानाचा फोटो मला कधीच मिळाला नव्हता. आज झकास काम होणार, असं म्हणत मी चहा तसाच टाकला, रिक्षा केली आणि वर्सोव्याला भाचीच्या इमारतीत गेले. चौदा मजल्यांवरच्या सोसायटीच्या गच्चीतून मढच्या टोकापर्यंतचा समुद्र उघडा दिसतो.

गच्चीचं दार ढकललं. तिथे आधीच दहा-बारा कोळी बायका-पुरुष उभे होते. समुद्र लांबवर दिसावा म्हणून सोसायटीने त्यांना वर सोडलं होतं. कठड्याला धरून हिरा उभी होती. हिरा मला वीस वर्षं मासळी देते. दारात बसून माझ्याशी भांडते, माझ्या हातचं खाते, माझ्या घरातला आनंद आणि सुतक दोन्ही तिने पाहिलंय. तिचा नवरा रामा नाखवा आणि धाकटा दीर गणा आदल्या दिवशी पहाटे जाळं टाकायला लहान बोटीने गेले होते. दुपारी अचानक वारा सुटला. ‘दक्षिणेला सरकतोय’ एवढा एकच फोन आला आणि मग काही नाही. रात्र गेली. हेलिकॉप्टर त्या दोघांना शोधत होतं आणि मी त्याचा फोटो काढायला चहा टाकून आले होते! शरमेने माझी मान वर होईना.

हिरा रडत नव्हती. तिने माझं मनगट पकडलं. “ताई, तुझा देव जागता हाय म्हणायचीस ना? त्याला सांग.”

“अगं, माझं त्याचं बोलणं बंद आहे,” मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

“बंद बिंद मला नको सांगू. माझी एकवीरा माय ऐकते हायच, पण एकीला दोघं बरे. तू सांग.”

मी डोळे मिटले. आईच्या पद्धतीने सुरुवात केली, बा देवा म्हाराजा, ही हिरा, हिचा घोव रामा आणि दीर गणा, काल पहाटे समुद्रात गेलेत... पुढचं ‘असं कर, तसं कर’ माझ्या तोंडून येईना. यजमानांच्या वेळी मी देवाला अगदी कसं काय करायचं तेही शिकवलं होतं. या वेळी मी एवढंच म्हणाले, “मला काही कळत नाही. तूच बघ.” आणि मालवणी न येणारी ती कोळीण ठणठणीत आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात आवाज आला. हेलिकॉप्टर दक्षिणेकडून परत येत होतं, पाण्यावरून खालून, आमच्या समोरून उजवीकडून डावीकडे... नाही, डावीकडून उजवीकडे गेलं आणि वळसा घेऊन जुहूकडे फिरलं. पेट्रोल भरायला निघालंय, असं कोणीतरी म्हणालं. सवयीने माझा कॅमेरा डोळ्याला गेला आणि मी सटासट आठ-दहा फोटो काढले. पडद्यावर पाहिलं आणि वाट लागली! सगळ्या फोटोंत पाती गोठलेली. आदल्या दिवशी खाडीवर कुरव पक्षी टिपताना शटर सगळ्यात वेगात लावलं होतं, ते मी बदललंच नव्हतं. इतक्या वर्षांत ही चूक मी केली नव्हती. जागेवर पोचल्यावर पहिलं काम तेच असतं माझं. ते गाऱ्हाण्यात राहून गेलं.

चिडून मी फोटो पुसायलाच निघाले होते. पुसण्याआधी मोठा करून बघायची माझी खोड आहे, तेवढी नडली म्हणा किंवा तारली म्हणा. हेलिकॉप्टरच्या शेपटीखाली, बरंच मागे, पाण्यात एक काठी उभी होती. काठीला पिवळं काहीतरी होतं. शटर हळू असतं तर मागच्या समुद्राबरोबर तेही पुसलं गेलं असतं. मी कॅमेरा हिरासमोर धरला.

जाळं कुठे टाकलंय ते कळावं म्हणून कोळी पाण्यावर तरंगता बोया सोडतात आणि त्याच्या काठीला आपापल्या बोटीचं फडकं बांधतात. हिराने फोटो नाकाजवळ नेला. “ह्यो माझ्या हळदीच्या लुगड्याचा तुकडा हाय,” ती म्हणाली. “मीच बांधला.” काठीच्या बुडाशी काळं काहीतरी होतं. डोकं होतं की नुसतं पिंप, ते कळत नव्हतं. दक्षिणेला शोधत होते सगळे, आणि हा बोया उलट उत्तरेला वाहत आला होता.

गर्दीत पांडूकाका होते, हयात बोटीवर काढलेले सत्तरीपुढचे तांडेल. समुद्रात रस्ते नसतात, म्हणून हे लोक किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवतात. त्यांनी मला विचारलं, “बाय, तू नेमकी खय उभी व्हतीस?” मी पाय होते तिथे पुन्हा उभी राहिले. आधीच्या फोटोत पाण्यातल्या खडकावरचा खांब आला होता. काकांनी एक डोळा मिटला, हात लांब करून बोटं मोजली आणि सोसायटीच्या माणसाकडून फोन हिसकावून घेतला. खांब, मढचं टोक, मधलं अंतर, सगळं त्यांनी न अडखळता तटरक्षकांना सांगितलं. पलीकडचा माणूस काही विचारत होता तर त्याला म्हणाले, “चहा नंतर प्या रे, आधी उडा!”

ती वीस मिनिटं कशी गेली ते आम्हालाच ठाऊक. मग ते आलं. सरळ त्या रेषेवर गेलं, थांबलं, खाली पाणी चक्राकार उडालं. दोरी सुटली. इतकी वर्षं वाट पाहिलेला फोटो माझ्यासमोर होता. मी कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून काढला आणि हिराच्या गळ्यात घातला, तो तिच्या डोळ्याला लावला आणि खालून हात देऊन धरून ठेवला. ती मोठ्याने सांगत राहिली, “एक वर गेला. गणा हाय, गणा!” आणि मग दोरी पुन्हा खाली जाताना कॅमेऱ्याला डोळा चिकटवून राहिली. माझ्या हातावर तिचे गरम अश्रू पडत होते. शेवटी किंचाळली, “दुसरा! ताई, दुसरा पण!” गच्चीत जो गलका झाला तो खाली रस्त्यापर्यंत गेला असेल.

कोणी म्हणेल, योगायोग. म्हणू देत बापडे. मी कोणाशी वाद घालत नाही, कारण मला काही सिद्ध करायचं नाहीये. माझे यजमान का गेले आणि हिराचा का आला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ते मिळायलाच हवं असा हट्टही आता राहिला नाही. मला एवढंच माहीत आहे की माझं कसब, माझा नेम, ज्यांचा मला भारी ताठा होता, ते त्या दिवशी कामाला आले नाहीत. जे माझ्या हातून निसटलं, त्याचाच त्याने उपयोग करून घेतला.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या वॉर्डात भेटायला गेले. रामा नाखव्याचे ओठ मिठाने फाटले होते, तळहातांना पट्ट्या होत्या. हिरा पेज भरवत होती आणि कमी खातो म्हणून त्याला रागावतही होती. मला पाहून तो उठायला लागला. मग हळूच म्हणाला, “ताई, ते हेलिकॉप्टर पयल्यांदा आमच्या डोक्यावरनं गेलं ना, तवा वाटलं, संपलं. बोट रातीच बुडालेली, बोयाला बांधून घेतलेलं, पण बोया दोघांना पेलत नव्हता. गणाला ग्लानी आलेली. त्याची पोरं लहान हायत. मी माझी गाठ सोडायला घेतली. अर्धी सोडली पण. बोटं आखडलेली म्हणून वेळ लागला. तेवढ्यात आवाज परत फिरला.”

हे हिरालाही माहीत नव्हतं. तिने पेजेचा वाडगा खाली ठेवला, त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली आणि मग तोच दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यावर कपाळ टेकलं.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि आठ वर्षांचं साठलेलं मनसोक्त रडून घेतलं. देवा, तुझे उपकार. माझ्याजवळ मागायला काही नव्हतं, म्हणून नुसती हात जोडून बसून राहिले.